शेवटो

फर्मागुडीच्या टेकडीवर, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत
आठ जुनी यंत्रं. नावं मागच्या बॅचच्या मुलांनी ठेवलेली:
बांगडो, तारलो, इसवण, चोणक,
मुड्डोशी, पेडवो, वेर्ली, शेवटो.
कॉलेजच्या नोंदवहीत नुसते आकडे.

आठांची मिळून एकच स्मृती.
म्हणजे खरं तर ती कुठेच नाही.
प्रत्येकाकडे थोडी पानं, आणि प्रत्येकाला वाटत राहतं
की सगळी वही आपल्याच मांडीवर आहे.
पान लागलं की मागायचं, लिहून झालं की
बाकीच्यांना सांगायचं: तुमच्याकडची प्रत आता शिळी.
एवढ्या सभ्यपणावर सगळं चालतं.

आणि दर सेकंदाला हाक:
आहेस? आहे.
आहेस? आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी शेवटो बोलला नाही.

एक हाक चुकली तर चुकू द्यावी,
तार ढिली असेल, कामात असेल.
तीन चुकल्या की मेला असं धरायचं.
हे तीन मीच ठरवलेत, प्रबंधाच्या बाविसाव्या पानावर
कारणासकट. काल रात्री
मला चौथी हाक मारावीशी वाटली.

एक्केचाळिसावं पान त्याच्याकडे होतं. शेवटची प्रत.
(शेवटोकडे शेवटची. ही कोटी मी केलेली नाही.)

साडेअकराला सगळ्यांनी आपापलं जपून ठेवलं होतं,
शेवटोचं गाठोडं वेर्लीकडे.
पुढची वेळ अडीचची होती. वीस मिनिटं.
ते गाठोडं सोडलं, पान सापडलं, पण साडेअकराचं.
आणि तारलोनं त्याचा एक आकडा बारा वाजता वाचला होता,
जो आता कधी लिहिलाच गेला नव्हता.
पोरका आकडा. आई वारलेला नव्हे,
आई कधी जन्मलीच नाही असा.
म्हणून तारलोही मागे. तारलोचं चोणकनं वाचलेलं,
चोणकचं मुड्डोशीनं.
पावणेतीनला सातही जण
साडेअकरात बसले होते, काही न झाल्यासारखे.

पुरसो गावडे बॅटरी घेऊन दारात आला.
"बाये, गेलं?"
"गेलं. दोन तास चाळीस मिनिटं."
"मग घटकेघटकेला का नाही ठेवत?"
"ठेवण्यातच रात्र जाईल, पुरसो. काम कधी होणार?"
तो दुर्भाटचा. खाजनाच्या बांदावर त्याचा बाप.
"आम्ही पुनवेच्या भरतीआधी बांदाला चिखल घालायचो.
रोज घातला तर शेत कोण करणार?
एका पुनवेला राहिला.
खारं पाणी काय, एकाच्या शेतात थोडंच थांबतं."
"मग?"
"तीन वर्षं कोणाचंच पिकलं नाही.
कोणाचंच नाही, म्हणून भांडण नाही."
आणि तो गेट बघायला गेला.

एक वाजून पन्नासला मी सरांना कळवलं होतं: आलं.
सोबत आकडा. कुंकळ्येकर सरांचा अंगठा, शाब्बास.
वहीत निळ्या शाईत: ०.७३१४.
सात यंत्रांत आता हा कुणालाच ठाऊक नाही.
फक्त मला, आणि झोपलेल्या सरांना.
आम्हांला साडेअकरावर नेणारं कुणी नाही.
जपून ठेवल्याखेरीज बाहेर बोलू नये,
हेही मीच लिहिलंय. पान चौतीस.

साडेपाचला गणपतीच्या देवळात घंटा झाली
आणि सातांनी मिळून नवं उत्तर दिलं: ०.७३१६.
हाका या वेळी निराळ्या क्रमानं पोचल्या असणार.
चूक कुठलंच नाही. मी खाली लिहिलं,
वरचं खोडलं नाही.

शेवटोचं झाकण उघडलं. आत मुंग्यांचं वारूळ,
पांढरी अंडी, थोडी भाजलेली,
आणि उरलेल्या मुंग्या ती उचलून कुठेतरी नेतायत.

सरांना लिहायला घेतलं:
आलं होतं ते गेलं,
परत आलंय ते तेच नाही.
मग ते पुसून लिहिलं:
सर, शेवटोला नवा पॉवर सप्लाय लागेल.
आणि मुंग्यांची पावडर.